कालच्या तोर्तिया

लिबोरियो निवृत्त झाल्यापासून घरात मदत करू लागला होता, आणि त्याची मदत निस्तरता निस्तरता बायकोच्या, रेमेदियोसच्या, नाकी नऊ आले होते. आयुष्यभर त्याने तुलान्सिंगोहून पाचुकाला जाणारी बस चालवली. बसमध्ये तो "मागे सरका" म्हणाला की माणसे मागे सरकत. घरात तो एकटाच उतारू आणि एकटाच चालक होता, त्यामुळे दिवसभर करायला काही नसे. मग तो काहीतरी करी.

त्या आठवड्याचेच उदाहरण घ्या. मंगळवारी त्याने ओटा आवरताना उरलेल्या शिळ्या तोर्तिया कचऱ्यात टाकल्या. तोर्तिया म्हणजे आमची मक्याची पातळ भाकरी, ती कचऱ्यात टाकणे म्हणजे आमच्याकडे पापच. रेमेदियोसने त्याला फैलावर घेतले. शिळ्या तोर्तिया टाकायच्या नसतात, एपिफानियोला द्यायच्या असतात, हे कुठल्याही शहाण्या माणसाला कळते असे ती म्हणाली. एपिफानियो म्हणजे तीनचाकी सायकल घेऊन गल्लोगल्ली वाळक्या तोर्तिया आणि पाव गोळा करणारा माणूस. त्या तो आपल्या डुकरांना घाली आणि बदल्यात घराघरांत प्लॅस्टिकची भांडी देई. लिबोरियोने हा धडा मनावर घेतला. त्याचा हाच दोष होता, सांगितलेले तो एकदम मनावर घेई.

शनिवारी मात्र घरात वेगळीच गडबड होती. रेमेदियोसची थोरली बहीण एर्लिंदा पुएब्लाहून येणार होती, आणि तीही सहा वर्षांनी.

या सहा वर्षांच्या मुळाशी होत्या फ्लाउता. तोर्तियात बटाटा किंवा कोंबडीचा खिमा घालून तिची घट्ट बारीक गुंडाळी करायची, सुटू नये म्हणून दातकोरणे टोचायचे आणि तेलात कुरकुरीत तळायची. दोघींच्या आईच्या फ्लाउता गल्लीत नावाजलेल्या होत्या. आई गेल्यावर तिचे भरतकाम केलेले दोन रुमाल मुलींनी वाटून घेतले. पक्ष्यांचा रेमेदियोसला आला, फुलांचा एर्लिंदाला. वर्षश्राद्धाला रेमेदियोसने आईची आठवण म्हणून फ्लाउता केल्या, तर त्या इतके तेल प्यायल्या की खाणाऱ्यांच्या कोपरापर्यंत ओघळ आले. एर्लिंदा सर्वांसमोर म्हणाली, "आईचा हात काही तुझ्यात उतरला नाही, रेमे." रेमेदियोस म्हणाली, "तुझ्यात तरी कुठं उतरलाय?" एवढ्यावर थांबले असते तर ठीक होते. पण पुएब्लाला गेल्यावर एर्लिंदाने नातेवाइकांत सांगितले की खरी गंमत पक्ष्यांच्या रुमालात होती, आई फ्लाउतांच्या तोर्तिया त्यातच बांधून ठेवायची, आणि धाकटीने नेमका तोच लाटला. झाले, बोलणे बंद.

आता आईच्या नावाच्या संतिणीचा, म्हणजे मातिल्देचा, दिवस रविवारी आला होता आणि एर्लिंदाने आपणहून फोन केला होता.  मी येते, माझा रुमाल घेऊन येते, दोन्ही रुमाल एकदा शेजारी शेजारी मांडू, आणि तू फ्लाउता कर, एवढेच म्हणाली. रेमेदियोसने फोन ठेवला आणि डोळे पुसले. यावेळी फ्लाउता बिघडल्या तर बहीण पुन्हा येणार नाही, हे तिला पक्के माहीत होते. दोघींची वये आता सहा सहा वर्षे रुसून बसण्याजोगी राहिली नव्हती.

फ्लाउतांना ताजी तोर्तिया चालत नाही. ती ओली असते, तेल पिते. कालची लागते. म्हणून शनिवारी सकाळी रेमेदियोसने मका दळून तोर्तिया भाजून विकणाऱ्या गिरणीवरून गरम तोर्तिया आणल्या, आईच्या पक्ष्यांच्या रुमालात गाठ मारून बांधल्या आणि टोपलीत ठेवून दिल्या. रविवारी ती चर्चला निघाली, तिथून पुढे साय, चीज आणि सॅलडचा पाला आणायला बाजारात जाणार होती. दारातून तिने नवऱ्याला बजावले.

"म्हाताऱ्या, तू आज फक्त बस. काही करू नकोस."

"बसलोच आहे की, म्हातारे," लिबोरियो म्हणाला.

तो बसला. बराच वेळ बसला. मग रस्त्यावरून हाळी आली, "शिळी तोर्तिया, वाळला पाव." लिबोरियो ताडकन उठला. मेव्हणी इतक्या वर्षांनी येतेय आणि घरात शिळ्या तोर्तिया आहेत, हे त्याला बरे दिसले नाही. टोपलीत गाठोडे होतेच. ज्या रुमालावरून सहा वर्षे घर धुमसत होते, तो त्याने कधी डोळे उघडून पाहिला नव्हता. नवऱ्यांना भांडणे पाठ असतात, वस्तू ओळखू येत नाहीत. त्याने गाठोडे जसेच्या तसे एपिफानियोच्या हाती दिले आणि त्या बदल्यात त्याला एक मोठे हिरवे घमेले मिळाले. असा सौदा त्याला जन्मात जमला नव्हता. घमेले ओट्यावर मधोमध ठेवून तो बायकोच्या कौतुकाची वाट पाहत बसला.

तेवढ्यात बाजारातून तिचा फोन आला.

"सांगायचं राहिलंच बघ. टोपलीतल्या गाठोड्याला हात लावू नकोस. फ्लाउतांच्या तोर्तिया आहेत त्या. आणि आईचा रुमाल आहे."

"आता नाही लावणार," लिबोरियो म्हणाला, आणि ते अक्षरशः खरे होते. हात लावायला टोपलीत काही उरलेच नव्हते.

फोन ठेवल्यावर त्याची पाचावर धारण बसली. पायांत सपाता होत्या, तशाच अवस्थेत तो रस्त्यावर धावला. कोपऱ्यापलीकडून हाळी ऐकू आली, त्या दिशेने तो दोन चौक पळाला आणि धापा टाकत गाठले तर तो जुने लोखंड घेणारा निघाला. त्याने लिबोरियोकडे वरपासून खालपर्यंत पाहून विचारले की विकायचे काय आहे. एपिफानियो कुठे भेटेल असे विचारल्यावर तो म्हणाला, "आज रविवार. लवकर घरी जातो तो. नदीपलीकडं राहतो. डुकरं वाट बघत असतात त्याची." नदीपलीकडे सपाता घालून जाणे आणि बायको यायच्या आत परतणे लिबोरियोला शक्य नव्हते. तेलही गेले, तूपही गेले आणि हाती राहिले हिरवे घमेले.

निदान तोर्तिया तरी मिळवाव्यात म्हणून तो गिरणीवर गेला. तिथे यंत्रातून वाफाळत्या तोर्तिया पडत होत्या आणि बायकांची रांग होती. त्याची पाळी आल्यावर तो हळूच म्हणाला, "मला कालच्या हव्यात."

"मग काल यायचं होतं," गिरणीवाली म्हणाली. रांग हसली.

लिबोरियोने गरमच घेतल्या. कालची तोर्तिया मिळत नसेल तर आजचीच कालची करू, असा त्याने विचार केला. घरी येऊन त्याने त्या पंख्याखाली मांडल्या. पंख्याने त्यांच्या कडा वळून वर आल्या, पण पोटात त्या ओल्याच राहिल्या. मग त्याने फ्रीजचे दार उघडून त्यांना गारवा दिला, तर त्यांना घाम फुटला. शेवटी तो गच्चीवर गेला आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवर एकेक तोर्तिया चिमट्याने लावू लागला.

शेजारच्या गच्चीवर चायो चादरी वाळत घालत होती. ती लिबोरियोच्या मुलीची धर्ममाता, त्यामुळे तो तिचा कोंपाद्रे आणि ती त्याची कोमाद्रे. या नात्यात आदर ठेवावा लागतो, म्हणून तिने थोडा वेळ बघून घेतले आणि मगच विचारले.

"कोंपाद्रे, तोर्तिया धुतल्यात का?"

लिबोरियोने सगळे सांगून टाकले. चायोने तोंडावर पदर धरावा तशी चादर धरली आणि हसून घेतले. मग ती म्हणाली की अहो, माझ्याकडे आहेत की कालच्या. रात्री नवरा उशिरा जेवला, नेहमीप्रमाणे ताट उघडे टाकून झोपला. पण एक अट होती. एर्लिंदा येणार असेल तर चायो जेवायला येणार. हिरवी चटणी ती घेऊन येईल.

चायोच्या तोर्तिया काही सगळ्यांना पुरणार नव्हत्या, मुख्य म्हणजे आता चायोलाही पुरवायचे होते. म्हणून लिबोरियो घमेले घेऊन पुढच्या घरी गेला, मग त्याच्या पुढच्या. ओट्यावर, शेगडीच्या कडेला, उघड्या पाटीत, कुणाकडे ना कुणाकडे कालच्या चार तोर्तिया पडलेल्या असतच. देताना प्रत्येक जण कारण विचारी, कारण ऐकले की हसे आणि हसून झाले की दुपारी किती वाजता यायचे ते विचारी. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण घमेल्यात त्यांचे अन्न होते. कुणाच्या तोर्तिया पांढऱ्या, कुणाच्या पिवळ्या, एका घरच्या निळ्या मक्याच्या. काही हाताएवढ्या, काही ताटलीएवढ्या. ज्या पाहुणचाराला तिघेच होते, त्याला अर्धी गल्ली येणार हे ठरले.

गल्लीच्या टोकाला दोन्या तोमासा, म्हणजे तोमासाबाई, राहत. वयाने आणि मानाने गल्लीत सर्वांत मोठ्या. दारात हिरवे घमेले घेऊन उभा असलेला लिबोरियो पाहून त्या ज्या हसत सुटल्या त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत. लिबोरियोला जरा रागच आला, कारण त्याने अजून कारण सांगितले नव्हते. दोन्या तोमासांनी आपल्या दोन तोर्तिया घमेल्यात टाकल्या आणि म्हणाल्या, "मीही येते बाबा. हे बघितलंच पाहिजे."

रेमेदियोस घरी आली तेव्हा नवरा ओट्याजवळ उभा होता. समोर घमेले होते, घमेल्यात नाना रंगांच्या तोर्तिया होत्या. ती टोपलीकडे वळली. टोपली रिकामी होती.

"रुमाल?" तिने विचारले.

लिबोरियोने सांगितले. ती ओरडली असती तर त्याला बरे वाटले असते. ती खुर्चीवर बसली आणि पिशवी मांडीवर ठेवून तशीच राहिली. त्या क्षणी लिबोरियोला खरोखर वाईट वाटले. बसच्या आयुष्यात त्याने कधी कुणाला रस्त्यात उतरवून दिले नव्हते, आणि आज बायकोला उतरवल्यासारखे झाले होते. तो म्हणाला की मी नदीपलीकडे जातो, आत्ता जातो, डुकरांच्या तोंडातून काढून आणतो.

"डुकरांच्या तोंडातला रुमाल ताईपुढं ठेवू?" ती म्हणाली. मग उठली आणि तिने एप्रन बांधला. "तेल ठेव. तिची बस स्टँडवर आली असेल."

मग हात चालू लागले. तोर्तिया तव्यावर किंचित शेकायची, मऊ पडली की सारण ठेवायचे, घट्ट गुंडाळायची, दातकोरणे टोचायचे. चायो चटणी घेऊन आली आणि गुंडाळायला बसली. रेमेदियोस तळत होती, पण कढईत काय होतेय याकडे तिचे लक्ष नव्हते. ती दाराकडे बघत होती. निळ्या, पिवळ्या, आखूड, लांब फ्लाउता परातीत रचल्या जात होत्या, आणि ती परात पाहून तिला आणखीच रडू येत होते. आईची परात कशी एकसारखी दिसायची, असे ती चायोला म्हणाली. चायोला आठवत नव्हते, पण ती हो म्हणाली.

एर्लिंदा आली. पांढरे केस, हातात पुएब्लाच्या रताळ्याच्या वड्यांचा डबा. बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि थोडा वेळ छान गेला. मग एर्लिंदाने पिशवीतून आपला फुलांचा रुमाल काढला, टेबलाच्या डाव्या अर्ध्या भागावर पसरला, उजवा अर्धा भाग मोकळा ठेवला आणि म्हणाली, "आण तुझा."

"धुवायला टाकलाय," रेमेदियोस म्हणाली.

"आजच्या दिवशी?"

"डाग पडला होता."

 टेबलाचा उजवा अर्धा भाग मोकळाच राहिला आणि त्याच्याकडे कुणी बघेना. तोवर गल्लीतली माणसे आपापल्या खुर्च्या घेऊन अंगणात येऊ लागली होती. आपल्यासाठी सगळी गल्ली जमवली, हे पाहून एर्लिंदाला भरून आले. लिबोरियोने तिचा गैरसमज दूर केला नाही.

परात आली. वर साय, चीज, चटणी आणि पाला. एर्लिंदाने निळी फ्लाउता उचलली आणि चावली. कडकन आवाज झाला. अंगणात सगळे गप्प होते, कारण भांडणाचा इतिहास सगळ्यांना माहीत होता. तिने ती संपवली, मग पिवळी घेतली, मग एक लांब पांढरी. रेमेदियोसने पदार्थाकडे न बघता बहिणीच्या कोपराकडे पाहिले. कोपर कोरडे होते. एर्लिंदाच्या गालांवरून मात्र पाणी ओघळत होते.

"आईच्या," ती म्हणाली. "अगदी आईच्या."

रेमेदियोसचा जीव भांड्यात पडला. तो तिथे फार वेळ राहिला नाही. कारण एर्लिंदाने डोळे पुसले, नाक पुसले आणि ती सरळ बसली.

"म्हणजे मी खोटं बोलत नव्हते. खरा रुमाल तुझ्याकडंच होता. बघा सगळ्यांनी. रुमालात बांधून ठेवल्या आणि जमल्या."

"ताई, तसं नाही."

"मग कसं? सहा वर्षं मला खोटं पाडलंस. आता तो रुमाल मला दे. थोरली आहे मी. ओला असेल तर ओला दे."

रेमेदियोसने लिबोरियोकडे पाहिले. लिबोरियोने चायोकडे पाहिले. चायोने चटणीत चमचा फिरवला. चांगल्या फ्लाउतांनी जे भांडण मिटायचे होते, ते चांगल्या फ्लाउतांमुळेच पुन्हा पेटत होते. रेमेदियोस म्हणाली, "रुमाल नाहीये, ताई. डुकरांकडं गेला." एर्लिंदा उभी राहिली आणि तिने फुलांचा रुमाल टेबलावरून ओढला.

तेवढ्यात फाटकाशी सायकलची घंटी वाजली. एपिफानियो उभा होता. अंगणातली गर्दी पाहून तो बिचकला. त्याच्या हातात पक्ष्यांच्या रुमालाचे गाठोडे होते.

"मालक, गैरसमज नको," तो लिबोरियोला म्हणाला. "इतक्या मऊ तोर्तिया, असा भरतकामाचा रुमाल. डुकरांपुढं टाकायला जीव होईना. बायको म्हणाली, चुकून दिलं असणार. तिनं त्यांच्या फ्लाउता केल्या. रुमाल रिकामा परत करायचा नसतो म्हणून थोड्या घेऊन आलोय."

गाठ सोडली. आत फ्लाउता होत्या, एकसारख्या, एका मापाच्या, परातीत ठेवून फोटो काढावा अशा. एर्लिंदाने झडप घालावी तशी एक उचलली. तोर्तिया रात्रभर त्या रुमालात होत्या, म्हणजे ही खरी फ्लाउता. तिने चावा घेतला. आवाज झाला नाही. तेलाचा ओघळ मनगटावरून निघाला आणि कोपरापर्यंत गेला.

ती बराच वेळ त्या ओघळाकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "माझ्या अश्शाच होतात."

"काय?" रेमेदियोस म्हणाली.

"सहा वर्षं. फुलांच्या रुमालात बांधते आणि अश्शाच होतात. म्हणून तर वाटायचं, खरा तुझ्याकडं आहे."

दोन्या तोमासा कोपऱ्यातल्या खुर्चीत पुन्हा हसू लागल्या होत्या. त्यांचे हसू थांबेपर्यंत सगळ्यांना थांबावे लागले.

"रुमालात बांधून ठेवलं तर वाफ जाईल कुठं, पोरींनो? तुमची आई रुमालात गरम तोर्तिया ठेवायची, ताटात वाढायच्या. फ्लाउतांच्या नव्हे. तुमच्या घरी इतकी तोंडं, तोर्तिया उरायच्याच कधी? तुम्ही झोपेत असायचात तेव्हा ती ओचा पसरून गल्लीभर फिरायची. उघड्या पडलेल्या कालच्या गोळा करायची. आणि प्रत्येकाला जेवायला बोलवायची." त्यांनी लिबोरियोकडे बोट दाखवले. "सकाळी हा दारात आला तेव्हा मला वाटलं, मातिल्देच आली. फक्त मिशा नव्हत्या तिला."

बहिणी एकमेकींकडे बघत राहिल्या. निळी, पिवळी, आखूड, लांब. आईची परात एकसारखी कधी नव्हतीच, हे दोघींना एकदमच आठवले असावे, कारण दोघी एकदमच हसल्या. हसता हसता एर्लिंदाने फुलांचा रुमाल पुन्हा पसरला, रेमेदियोसने पक्ष्यांचा त्याच्या शेजारी मांडला आणि त्यांवर लिबोरियोने गच्चीवरून आणलेल्या, ना धड ताज्या ना धड शिळ्या तोर्तिया ठेवल्या. एपिफानियोला खुर्ची मिळाली. लिबोरियोला कुणी शाबासकी दिली नाही, पण कुणी रागावलेही नाही, आणि लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत त्याला याची किंमत कळू लागली होती.

संध्याकाळी एर्लिंदाला स्टँडवर पोचवायला दोघे गेले. बस लागली होती. रेमेदियोसने पिशवीतून पक्ष्यांचा रुमाल काढला आणि बहिणीपुढे धरला.

"घे ताई. थोरली आहेस तू."

एर्लिंदाने त्यावरून हात फिरवला आणि तो परत तिच्या पिशवीत खोचला. "राहू दे तुझ्याकडं. मला ते घमेलं हवंय."

लिबोरियोला जड गेले. त्याचा एकुलता एक चांगला सौदा होता तो. पण धावत घरी जाऊन तो घमेले घेऊन आला. सुटायच्या बेताला आलेली बस त्याने जुन्या ओळखीवर थोपवून धरली होती. एर्लिंदा खिडकीशी बसली, मांडीवर हिरवे घमेले घेऊन, आणि दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिली.

 परतताना रेमेदियोस म्हणाली, "पुढच्या रविवारी एपिफानियो आला की आपल्यालाही एक घमेलं घे. हिरवंच."

"घेतो. तोर्तिया कशात बांधून देऊ?"

"कशातच बांधू नकोस, म्हाताऱ्या," ती म्हणाली. "उघड्याच दे."